चीनकडे टेहळणी विमानं नेमकी किती? फोटोतले नंबर मोजून उत्तर निघतं का?

होटगीरोडकर (धागाकर्ता)
केजे-500 ही पाठीवर रडार बसवलेली चिनी टेहळणी विमानं किती आणि वर्षाला किती बाहेर पडतात, हे कुणी न सांगता काढता येतं, असं माझं ठाम मत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक जमवून हेच केलं. ऑगस्ट 1942 साठी हेर सांगत होते महिन्याला 1550 रणगाडे. गणितवाले म्हणाले 327. युद्धानंतर जर्मनांच्या वह्यांत निघाले 342!
सूत्र सोपं आहे. दिसलेला सर्वांत मोठा क्रमांक घ्या, त्याला नमुन्यांच्या संख्येनं भागून आलेलं त्यातच मिळवा, एक वजा करा. समजा चार विमानं दिसली आणि मोठा क्रमांक 24, तर 24 + 6 − 1 = 29. केजे-500 चे फोटो ढिगानं पडलेत. लावा की सूत्र.

बाळीवेस_एक्सप्रेस
ओ मालक, रणगाड्याच्या गिअरबॉक्सवर कारखान्याचा नंबर होता, ओळीनं टाकलेला. विमानावर असतो तो हवाई दलाचा. चिन्यांच्या पाच आकड्यांत युनिट दडलेलं असतं. तीस हजारांतला नंबर दिसला म्हणून तीस हजार विमानं धरणार का?
सोलापूर स्टँडवर उभं राहून एसटीचे नंबर लिहून बघा. एमएच-14 ची गाडी दापोडीच्या वर्कशॉपात बांधली, तिथं नोंदली, पण धावते अक्कलकोटला. त्यात नंबरावर चिखल असला की तीच गाडी जाताना एक आणि येताना दुसरी म्हणून तुम्ही लिहिणार.

होटगीरोडकर
युनिटचे आकडे बाजूला काढा, उरलेल्यांवर युनिटवार हिशेब करा. आणि नंबर नको असेल तर उपग्रह आहेच. चीनमधल्या हानझोंगला ही विमानं बनतात, त्या कारखान्याबाहेर रंग न दिलेली विमानं उभी दिसतात. पाठीवर गोल थाळी म्हणजे केजे-500, शेपटीमागे लांब दांडा म्हणजे पाणबुड्या शोधणारं. दर महिन्याचे फोटो लावले की वेग कळतो.

जुनी_मिल
वेग कळेल, पण तो कशावर अडतो ते बघा. रडारपेक्षा आधी विमानाचा सांगाडा लागतो. चीनला इस्रायलचं फाल्कन रडार हवं होतं, अमेरिकेच्या दबावाखाली 2000 साली तो सौदा मोडला. मग त्यांनी स्वतःचं रडार रशियन आयएल-76 वर चढवून केजे-2000 काढलं; ती विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली, कारण सांगाडा परका. केजे-500 वाय-9 या चिनी मालवाहू विमानाच्या वर्गातल्या घरच्या सांगाड्यावर आहे. थाळीही फिरत नाही, आत तीन अँटेना त्रिकोणात बसवलेले. तिथं अडवणारं कोणी नाही.
उलट पाकिस्तानचं बघा. त्यांचं एरीआय रडार स्वीडनच्या साब-2000 विमानावर. ते विमान जगात एकूण 63 बनलं आणि 1999 ला बंद पडलं. तिथं कमाल आकडा काढायला सूत्र कशाला? आपलं नेत्र हे टेहळणी विमानही ब्राझीलच्या ईआरजे-145 वर, आणि पुढच्या नेत्रसाठी एअर इंडियाची सहा वापरलेली ए-321 घ्यावी लागली.

बाळीवेस_एक्सप्रेस
हे पटलं. पण बनली किती आणि उडतात किती यात जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकेचं ई-3 टेहळणी विमान सगळ्या देशांचं मिळून 68 बनलं, 1992 ला उत्पादन थांबलं. त्यांच्या हवाई दलाकडे 31 उरली होती, त्यातलीही निम्मी 2023 पासून काढायला घेतली. उरलेली रोज उडतात असं थोडंच आहे? रशियाची ए-50 जातीची दोन टेहळणी विमानं 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत युक्रेन युद्धात गेली. एवढ्या लहान ताफ्यात दोन म्हणजे फार झाली.
आपली फाल्कन रडारवाली विमानं तीनच, 2009 पासून आलेली. एक हवेत, एक तयारीत, एक दुरुस्तीला. म्हणजे चोवीस तास नजर सीमेच्या एकाच पट्ट्यावर, तीही नशीब असेल तर. चीनची किती हा वाद घालताना हे कुणी बोलत नाही.

होटगीरोडकर
तो वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथं प्रश्न उत्पादनाचा आहे. उडणारी कमी असतील, पण लाईन चालू असेल तर पाच वर्षांनी त्यांचा पट्टा तिप्पट होईल. आपण तेव्हा कुठं असू?

जुनी_मिल
आधी एक सांगा, नौदलाची केजे-500 तुम्ही धरलीत का? ती वेगळ्या दलाची, कारखाना मात्र तोच. फक्त हवाई दलाचे नंबर घेतले तर लाईनचा बराच हिशेब गायब. 29 काय नि 49 काय.