ओपन सोर्स सांभाळताना काय काय खर्ची पडलं? अनुभव लिहा

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवलेलं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, पण ते लिहिणाऱ्याच्या घरात त्याचा खर्च कुठे पडतो हे सहसा कोणी विचारत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची त्रुटी उघड झाली. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर उभी होती, त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. पैशांबद्दल तेव्हापासून बरंच बोललं गेलंय. मला बाकीचं ऐकायचंय: झोप, तब्येत, नाती, हुकलेल्या संधी. घरच्यांनीही जरूर लिहा.

सुरुवात मी करते. तारखा वाचणारी एक छोटी लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) मी नोकरी सांभाळून चालवते. कोड लिहिण्याचा त्रास कधीच झाला नाही, त्रास होतो नकार देण्याचा. कोणीतरी हौसेने पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशी विनंती, पाठवतं, चार ओळींची सोय असते. ती घेतली की देणारा निघून जातो आणि ती चालती ठेवणं कायमचं माझ्या गळ्यात पडतं. नाही म्हणावं, तर समोरच्याची मेहनत दिसत असते. त्याला न दुखावता नकार लिहिण्यात संध्याकाळ जाते. मुलीला गोष्ट सांगताना माझ्या डोक्यात त्या उत्तराची वाक्यं जुळत असतात. याचा हिशेब कुठे मांडायचा?

*

मी प्रोग्रॅमर नाही, माझा नवरा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. त्याचा प्रकल्प लॉगफोरजे वापरत होता, त्यामुळे ठरलेली सुट्टी रद्द झाली. ते मला समजलं. समजलं नाही ते नंतर आलेलं पत्र. एका मोठ्या कंपनीने त्याला लांबलचक प्रश्नावली पाठवली, वर उत्तराला मुदतही घातली. त्या कंपनीशी त्याचा ना करार, ना ओळख. परवान्यात 'आहे तसं, कोणत्याही हमीशिवाय' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तरीही तो रात्रभर बसून उत्तरं लिहीत होता, कारण त्याला वापरणाऱ्यांची काळजी वाटत होती. मला त्याच्या या स्वभावाचा अभिमान आहे, आणि म्हणूनच त्या पत्राचा राग अजून जात नाही.

*

मनगटं. आता मी बोलून टाइप करते. कामाचा वेग गेला.

*

मला प्रकल्प सोडायचाय, पण सोपवू कोणाकडे? २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लायब्ररीच्या मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे काम सोपवलं आणि पुढे त्यात बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड घुसला. एक्सझेड युटिल्स या, फाइलींचा आकार लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं तर फारच जिव्हारी लागलं. २०२२ मध्ये तिथल्या मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने), आपण बराच काळ मानसिक आजाराशी झगडतोय आणि हा बिनपगारी छंदप्रकल्प आहे, असं उघडपणे लिहिलं होतं. तरी कामाला उशीर होतो म्हणून त्याच्यामागे तगादा चालूच राहिला. मदतीला पुढे आलेल्याने दीर्घकाळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि शेवटी त्यात मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं.

लोक यातून सुरक्षेचे धडे घेतात. मला त्यात थकलेला माणूस दिसतो. मीही थकलोय. कोणी आपुलकीने 'थोडा भार मी घेऊ का?' असं विचारलं, तर आता आधी संशय येतो. पूर्वी अशा मदतीतूनच माझे सगळ्यात जवळचे मित्र झाले होते. हे माझं सगळ्यात मोठं नुकसान.

*

वरच्या मित्रासाठी: मी कोणाकडेच सोपवलं नाही. रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) अर्काइव्ह केली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवली, आणि काम थांबल्याचं रीडमी या माहितीच्या फाइलीत वरच लिहिलं. ज्यांना गरज होती त्यांनी फोर्क (कोडची स्वतंत्र प्रत) काढून नव्या नावाने चालवलं. माझ्या नावावरचा विश्वास कोणाला आयता मिळाला नाही. त्यांनी तो स्वतः कमावला. सुरुवातीला रागाच्या ईमेल आल्या, मी उत्तरं दिली नाहीत. नवी आवृत्ती प्रसिद्ध करायला लागणाऱ्या डिजिटल चाव्या आणि टोकन मात्र त्याच दिवशी रद्द कर, ते राहून जातं. घाई नको, पण तारीख ठरव आणि घरी सांगून ठेव.