१७७६ साली स्वातंत्र्य मिळालं, पण कुणाला?

सह्यकडा:
माझं मत आधीच सांगतो. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी दिलेली लढाई मुख्यतः तिथल्या जमीनदारांची आणि व्यापाऱ्यांची होती. प्रजासत्ताक उभं राहिलं हे खरं, पण ज्यांच्या श्रमांवर आणि जमिनीवर ते उभं राहिलं त्यांना दाराबाहेर ठेवून.

बोस्टनचा चहा घ्या. चहावरचा कर वाढला म्हणून लोक चिडले, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती, लंडनच्या गोदामांत माल पडून होता. तो थेट वसाहतींत विकायची मुभा पार्लमेंटने कंपनीला दिली; पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा राहिला. यात धंदा बसणार होता स्थानिक व्यापाऱ्यांचा आणि चोरटा डच चहा विकणाऱ्यांचा. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

तीच गोष्ट जमिनीची. १७६३ च्या राजाज्ञेने अपालाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. पलीकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्या व्हर्जिनियातल्या बड्या लोकांना ती खुपत होती. पुढे सेनापती आणि पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले वॉशिंग्टन त्यांतलेच. आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसे समान’ लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. याला क्रांती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पानगळ:
असहमत. तीन पेन्स ही क्षुल्लक रक्कम होती, म्हणूनच भांडण रकमेचं नव्हतं हे उघड आहे. त्या करातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार परस्पर द्यायचे, म्हणजे ते स्थानिक विधिमंडळाच्या मुठीतून सुटणार, ही त्यामागची योजना होती. आपल्यावर राज्य करणाऱ्याचा पगार आपले प्रतिनिधी ठरवणार की नाही, हा प्रश्न फक्त व्यापाऱ्यांचा कसा? शिवाय पार्लमेंटने १७६६ मध्ये कागदपत्रांवर कर बसवणारा स्टॅम्प कायदा मागे घेतला तेव्हाच जाहीर केलं होतं की वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा अधिकार आमचाच. तिथे त्यांचा एकही खासदार नव्हता. याविरुद्ध उठणं तुम्हाला पुरेसं वाटत नसेल तर मग आपल्याकडच्या मवाळांच्या कितीतरी मागण्याही बाद कराव्या लागतील.

कोरडा_ओढा:
सह्यकडा, जमिनीचा मुद्दा तुम्ही अर्ध्यात सोडलात. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सुलिव्हन इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांच्या मुलखात शिरला. चाळीसेक गावं जाळली, मक्याची उभी पिकं कापली, फळबागा तोडल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात नायगारा किल्ल्याच्या आसपास निर्वासित भुकेने आणि थंडीने मेले. १७८३ चा पॅरिसचा तह झाला तेव्हा त्या लोकांना कुणी विचारलंही नाही. त्यांचा मुलूख इंग्लंडने परस्पर देऊन टाकला. स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांच्या भाषणांत हे यायला हवं.

मावळतीकर:
थोडं इकडचं. ही लढाई एकट्या वसाहतींनी जिंकली असं लिहिलं जातं, ते मला पटत नाही. १७७८ मध्ये फ्रान्स उतरला, पुढच्या वर्षी स्पेन. त्याच काळात कंपनी आपल्याकडे मराठ्यांशी आणि हैदरशी लढत होती. जानेवारी १७७९ ला वडगावात इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला, आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला तो फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचं तोंड अडवून धरल्यामुळे. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये कलकत्त्याला गव्हर्नर जनरल म्हणून आला, टिपूला नमवलं (आपल्याच फौजा सोबत होत्या, हे विसरू नये) आणि बंगालवर कायमधारा (जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकणारी पद्धत) लादला. तिकडे गमावलेलं साम्राज्य इकडे घट्ट बसवलं गेलं, हा भाग मला सगळ्यात जास्त छळतो.

शेवंती:
सह्यकडा, तुमच्या मांडणीत गुलाम फक्त सोसणारे दिसतात. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सगळे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं कलम आलं. मम बेट नावाच्या गुलाम बाईने त्याच्याच आधारे कोर्टात दावा लावला आणि १७८१ मध्ये जिंकला. नंतर ती एलिझाबेथ फ्रीमन या नावाने जगली. १७९० च्या जनगणनेत त्या राज्यात एकाही गुलामाची नोंद नाही. तत्त्व ढोंगी लोकांनी लिहिलं असेल, पण एकदा कायद्यात आल्यावर ते त्यांच्या मालकीचं उरलं नाही. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांनाच ना?

सह्यकडा:
शेवंती, मम बेटबद्दल पूर्ण आदर. पण श्रेय तिचं. फुल्यांनी गौरव केला तो गुलामगिरी मोडणाऱ्यांचा. ती मोडायला १७७६ पुरलं नाही, १८६१ ते ६५ चं यादवी युद्ध लागलं. कारण १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला बसून त्यांनी जी घटना लिहिली तिने गुलामगिरीला संरक्षणाचं कुंपण घालून दिलं: राज्याचे प्रतिनिधी ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस, १८०८ पर्यंत माणसांच्या आयातीवर बंदी नाही, आणि पळालेला गुलाम मालकाला परत. ओना जज ही मुलगी १७९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या घरातून पळाली, तेव्हा तिला परत आणायला त्याने माणसं कामाला लावली. ती हाती लागली नाही. कायद्याने मात्र ती मरेपर्यंत दुसऱ्याची मालमत्ताच होती.

आणि तुलना करायचीच तर हैतीशी, कॅरिबियनमधल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीशी करा. तिथल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनचं सैन्य हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिकेने त्या देशाला मान्यता दिली १८६२ मध्ये.

पानगळ:
हैतीचा उठाव जास्त न्याय्य होता, वाद नाही. पण १८०४ संपायच्या आत तिथला सेनापती देसालीन सम्राट झाला होता. वॉशिंग्टनने डिसेंबर १७८३ मध्ये ॲनापोलिसला काँग्रेससमोर (राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेसमोर) सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि घरी गेला. पुढे दोन कार्यकाळांनंतर राष्ट्राध्यक्षपदही सोडलं. जिंकलेल्या सेनापतीने फौज हाताशी असताना हे करणं त्या काळात किती दुर्मीळ होतं, ते पुढच्या दीड-दोन शतकांत स्वतंत्र झालेल्या देशांचे लष्करशहा आठवून पाहा.

शेवंती:
पानगळ, देसालीनचं उदाहरण देताना हेही सांगा की १८०५ च्या त्याच्या राज्यघटनेत पहिल्या काही कलमांतच गुलामगिरी कायमची रद्द केली होती. सम्राटाच्या देशात ते जमलं आणि प्रजासत्ताकात आणखी साठ वर्षं जमलं नाही. याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे, कारण माझ्याही बाजूला ते अडचणीचं आहे.