मदत हवी आहे: लॅपटॉप आणि गरब्यातला ड्रमर एका लयीत कसे आणायचे?

मंडळी, बडोद्याहून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं दांडिया बाजारात मामाच्या गच्चीवरच्या खोलीत वाजवतो. प्रॉडिजी आणि पेंड्युलम हे बँड ऐकून डोकं फिरलंय असं समजा, म्हणजे खाली डान्सचे बीट, वर मेटलची गिटार आणि गाणारा पंकवाल्यांसारखा बोंबलणारा (एरवी तो बँकेत असतो, कोणाला खरं वाटत नाही). प्रॉडिजीत लिअम हाउलेट मशिनं सांभाळतो पण स्टेजवर ड्रमर आणि गिटारवाला खरेखुरे असतात, आम्हाला तसंच हवंय, नुसतं बटण दाबून हात वर करणं नको.

अडचण ड्रमरची. पोरगा नवरात्रात नऊ रात्री ऑक्टापॅड वाजवतो, हिंच (गरब्याचा ठेका) त्याच्या हातातून झोपेतही निघेल. पण गरब्यात रात्र चढते तशी लय चढवायची, ती सवय हातात मुरलीय. लॅपटॉप कशाला चढतोय? तो आपला १७४ बीपीएमला (मिनिटाला १७४ ठोके) अडून बसलेला. दोन मिनिटांत हा पुढे, बेस मागे, एकाच गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्यासारखं होतं. कानात क्लिक (लय धरायची टकटक) दिली तर म्हणतो टकटकीने डोकं उठतं, आणि इयरफोन काढून कॉलरमध्ये खोचतो.

त्यात गिटार लॅपटॉपमधूनच घेतो. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) ५१२ ठेवला की तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो, १२८ केला की खरखर. ट्यूनिंग ड्रॉप सी (तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या), त्यामुळे गिटार आणि किक (मोठ्या ड्रमचा ठोका) मिळून खाली नुसता चिखल. साउंडकार्डला दोनच आउट आहेत. गणपतीत मंडळाने वीस मिनिटं दिलीत, आता नाही म्हणता येत नाही. काय करू?

प्रतिसाद १:
दोन आउट पुरतात. ट्रॅक मोनो करून पूर्ण उजवीकडे टाका, क्लिक पूर्ण डावीकडे. उजवा मेन मिक्सरला, डावा फक्त ड्रमरच्या कानात. आणि टकटक काढून मंजिऱ्याचा आवाज लावा ना, गरब्यातला माणूस आहे, मंजिऱ्याच्या मागे आपोआप जाईल. १७४ मोजायला लावू नका, ८७ मोजू दे, मान तेवढ्यावरच हलते. गिटार लॅपटॉपमधून काढाच, ५१२ ला जाताना बारा आणि येताना बारा मिलिसेकंद जातात, वरून ड्रायव्हरचे वेगळे. साधा गिटार प्रोसेसर चालेल. ड्रॉप सीची खालची तार ६५ हर्ट्झला असते, किकचा जोरही तिथेच, म्हणून गिटार १०० हर्ट्झच्या खाली कापा. एकटी ऐकाल तर पातळ वाटेल, घाबरू नका. बेसवर साइडचेन लावलाय का? किक पडली की बेस क्षणभर दबला पाहिजे.

धागाकर्ता:
दादा, मंजिरा चालला! पठ्ठ्याने पूर्ण गाणं इयरफोन काढला नाही. शेवटी थोडा पळाला पण परत आला. साइडचेन नव्हता, लावला, किक आता छातीवर बसते. प्रोसेसर एका मित्राकडून उद्या येतोय.

पण मंजिरा मेन स्पीकरमध्येही ऐकू येतोय, शेजारच्या आजी खालून विचारतायत आरती कधी आहे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून एकच स्टिरिओ केबल मिक्सरच्या एका चॅनलला लावलीय, तिथेच दोन्ही एकत्र होत असतील का? वाय केबल (एका टोकाची दोन टोकं करणारी) घेऊ का सरळ कार्डातूनच दोन वेगळ्या केबल काढू?