पत्रिकेतला ‘नामचीन’ आधी काढा

ब-२०४ (सचिव): आपल्या सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेचा मजकूर. रात्री छपाईला जाणार, तेव्हा चुका आत्ताच सांगा.
“मा. नगराध्यक्ष यांच्या हस्ते उद्घाटन. नामचीन गायक व लब्धप्रतिष्ठित संवादिनीवादक यांची मैफल. प्रमुख पाहुणे : पद्मश्री (नाव).”

अ-१०१ काका: दादा, आधी ‘नामचीन’ काढा. हिंदीत तो मानाचा शब्द आहे, मराठीत त्याच्यापुढे ‘गुंड’ येतो. पेपरात ‘नामचीन गुन्हेगार’ वाचून वाचून कानाला तीच सवय झाली आहे. गायकाच्या घरचे पत्रिका बघून हसतील तरी किंवा रागावतील तरी.

ब-२०४: मग ‘नामांकित’ करू?

क-३०२ ताई: चालेल, पण हल्ली तो शब्द दोन डगरींवर उभा आहे. ‘नामांकित वकील’ म्हटलं की नावाजलेले. ‘पुरस्कारासाठी नामांकित’ म्हटलं की फक्त यादीत नाव आलेले. तो अर्थ हिंदीतून आला. गायकाच्या बाबतीत घोटाळा नको असेल तर ‘नामवंत’ किंवा ‘ख्यातनाम’ घ्या. दोन्ही शब्द बाई-पुरुष दोघांना तसेच लागतात, रूप बदलावं लागत नाही.

ड-४०३: ‘प्रसिद्ध’ काय वाईट आहे? साधा, सगळ्यांना कळणारा.

अ-१०१ काका: वाईट काहीच नाही, फक्त पातळ झालाय. वडेवालाही प्रसिद्ध आणि वैज्ञानिकही प्रसिद्ध. शिवाय ‘प्रसिद्ध होणे’ म्हणजे छापून येणेही. ‘त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे’ आणि ‘त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यातलं पुस्तक कुणी हातातही घेतलेलं नसेल. बाकी ‘सुप्रसिद्ध’मधल्या ‘सु’ने फार फरक पडत नाही. ‘कु’ने मात्र पडतो.

क-३०२ ताई: ‘लब्धप्रतिष्ठित’ही काढा. मूळ शब्द ‘लब्धप्रतिष्ठ’, म्हणजे ज्याने प्रतिष्ठा मिळवली आहे तो. ‘-इत’ लोकांनी मागून चिकटवलं. आणि आता शब्दाला टोमण्याचा वास येतो, ‘गावातले लब्धप्रतिष्ठित’ म्हणजे मिरवणारे. ‘बडं प्रस्थ’, ‘बडी धेंडं’, ‘रथी-महारथी’ यांचंही तसंच. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला यातलं काही चालणार नाही. संवादिनीवादकांना ‘प्रथितयश’ म्हणा, यश सर्वांना ठाऊक असलेला.

ब-२०४: दिग्गज?

अ-१०१ काका: दिग्गज म्हणजे आठ दिशा तोलून धरणारे हत्ती, ऐरावत, पुंडरीक, वामन वगैरे. त्या वजनाचा माणूस असेल तर लिहा. तुमचे वादक पस्तिशीतले आहेत ना? मग ‘दिग्गज’ही नको आणि ‘ज्येष्ठ’ही नको. ‘ज्येष्ठ’मध्ये वय आणि अधिकार दोन्ही येतात. ‘धुरंधर’ आणि ‘धुरीण’ हे दोन्ही ‘धुरा’ वाहणारे, पण वापर वेगळा. राजकारणी, सेनापती धुरंधर. समाजाचे, शिक्षणाचे धुरीण. पेटीवाल्याला दोन्ही बसत नाहीत.

इ-५०१: पट्टीचे वादक?

अ-१०१ काका: शब्द फक्कड आहे, पण तो कौशल्याचा, कीर्तीचा नव्हे. पट्टीचा पोहणारा, कसलेला नट, मुरब्बी राजकारणी, हाडाचा शिक्षक. यांतल्या कुणाला गल्लीबाहेर कुणी ओळखत नसलं तरी शब्द खोटा ठरत नाही. निवेदकाने बोलताना खुशाल म्हणावं. छापताना नको. आणि उलट बाजूला ‘सराईत’ बघा. अर्थ सरावलेला इतकाच, पण पोलीस ठाण्याच्या बातम्यांनी तो पळवला.

क-३०२ ताई: खरी गडबड ‘मा.’ची आहे. नगराध्यक्ष माननीय की माजी? दोन्हींचं संक्षिप्त रूप एकच! पद गेलेल्यांना ते फार सोयीचं पडतं. त्यात तिसरा अर्थ मास्टर : ‘मा. दीनानाथ’ म्हणजे मास्टर दीनानाथ. तेव्हा ‘माजी’ असेल तर पूर्ण शब्द लिहा, ‘माननीय’ असेल तरी पूर्ण लिहा. ना., आ., खा., न्या. चालतात, कारण त्यांचे नामदार, आमदार, खासदार, न्यायमूर्ती सोडून दुसरे अर्थ सहसा कुणी लावत नाही.

ब-२०४: ते माजीच आहेत 🙈

क-३०२ ताई: आणि पद्मश्री नावाच्या आधी नको. घटनेच्या १८व्या कलमाने किताब बंद केले. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार टिकवले, पण ते पदवीसारखे नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत असं सांगितलं. ‘पद्मश्री पुरस्काराने सन्मानित’ असं नावाखालच्या ओळीत घ्या.

ड-४०३: मग लोकमान्य, महात्मा कसे चालतात?

अ-१०१ काका: ते सरकारी नव्हेत. जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी ११ मे १८८८ रोजी मुंबईतल्या सभेत लोकांनी दिली. लोकांनी दिलेलं विशेषण रुजलं की नावाचाच भाग होतं. ‘लोकमान्य’ एवढंच म्हटलं तरी पुढे टिळक म्हणावं लागत नाही. उलट ‘गानसम्राट’, ‘कीर्तनकेसरी’ असलं काही पत्रिकेपुरतं तयार केलेलं पहिल्या वाचनातच कळतं.

इ-५०१: एक शंका. टीव्हीवर ‘विराटने शतक ठोकलं, तो बाद झाला’ म्हणतात, मंत्र्यांना मात्र ‘ते म्हणाले’. खेळाडूचा मान कमी का?

क-३०२ ताई: कमी नाही हो, जवळीक जास्त. मराठीत आई आणि विठोबा एकवचनात असतात. ‘लता काय गायलीय!’ हे प्रेमाचं बोलणं, ‘लताबाई गायल्या’ हे अदबीचं. खेळाच्या बातमीत एकवचन रूढ आहे, राजकारणाच्या बातमीत अनेकवचन. पण ज्याला आपण बोलावलं त्याच्यासाठी अनेकवचनच : ‘गायक येणार आहेत’. नावाला प्रत्ययही लावू नका, ‘अमुक यांचे गायन’ लिहा. नाव अखंड राहतं.

ड-४०३: सेलिब्रिटी पाहुणे लिहिलं तर गर्दी होईल 😀

अ-१०१ काका: होईल, पण पाहुणे संशोधक आहेत. सेलिब्रिटी म्हणजे ज्याच्याबरोबर फोटो काढायचा तो. मराठीत ‘वलयांकित’ जवळचा, तोही त्यांना नको. त्यांच्यासाठी ‘विख्यात’ घ्या, विद्वत्तेला तो शोभतो. बाई असत्या तर ‘विद्वान’ऐवजी ‘विदुषी’. ‘मान्यवर’ हा घोळक्याचा शब्द आहे, ‘मान्यवरांच्या उपस्थितीत’ ठीक. नाव ठरलं नसलं की तोच कामाला येतो.

क-३०२ ताई: ऱ्हस्व-दीर्घही बघा. प्रसिद्धी, कीर्ती, व्यक्ती सुटे असताना दीर्घ. समासात किंवा ‘-मान’, ‘-मत्त्व’ असे संस्कृत प्रत्यय लागले की ऱ्हस्व : प्रसिद्धिपत्रक, कीर्तिमान, व्यक्तिमत्त्व. ‘कीर्तिमान रचला’ मात्र नको, ती हिंदी. आपल्याकडे विक्रम होतो.

ब-२०४: सुधारलेला मजकूर :
“माजी नगराध्यक्ष श्री. (नाव) यांच्या हस्ते उद्घाटन. ख्यातनाम गायक (नाव) यांचे गायन, संवादिनी साथ : (नाव). प्रमुख पाहुणे : विख्यात संशोधक डॉ. (नाव), पद्मश्री पुरस्काराने सन्मानित.”
साथीदारांना विशेषण लावलं नाही, जागा पुरत नाही.

अ-१०१ काका: मग गायकाचंही काढा. एकाच ओळीत एकाला विशेषण आणि दुसऱ्याला नाही, यावरून मैफलीआधीच रुसवे होतात.

ब-२०४: काढलं. मानधनाच्या पाकिटांवर काय लिहू?

क-३०२ ताई: नुसतं नाव. आणि पाकिटं आदल्या दिवशी तयार ठेवा.