मदत हवी आहे: मलमामुळे पुरळ आलंय का?

मुलाचा गुडघा खेळताना खरचटला. जखम वरवरचीच. साबण-पाण्याने धुऊन नियोमायसिन, बॅसिट्रॅसिन आणि पॉलिमिक्सिन बी ही अँटिबायोटिक्स असलेलं मलम लावत होते. आता जखमेभोवती, नेमकं मलम लागतं तेवढ्याच भागावर, बारीक लाल पुरळ आलंय आणि सारखी खाज सुटते. पू नाही, ताप नाही, दुखणंही कमी झालंय. नियोमायसिनची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते, म्हणून संसर्गापेक्षा मला तीच शंका जास्त येते. मलम थांबवलंय. लाली पसरली, सूज वाढली किंवा पू दिसला तर लगेच दवाखान्यात नेणार आहे. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली आहे.

इथल्या डॉक्टर, नर्स आणि अनुभवी मंडळींना विचारायचंय: स्वच्छ, लहान जखमेला साधी पेट्रोलियम जेली पुरेशी असते ना? जखम ओलसर राहिली की लवकर भरते, हे मला पटतं. पण घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, उघडी ठेवा, खपली धरू द्या. त्यांना कसं समजवावं? जेली लावली तर पट्टी रोज बदलायची ना? आणि खाजेवर काय करावं? तो झोपेत खाजवतो, त्याचीच जास्त काळजी वाटते. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक नियोमायसिनच्याच गटातलं आहे, मग पुढे तेही टाळावं लागेल का?