इस्तंबूलमधे हमाम, आईला न्यावं का?

दिवाळीत मी नि आई इस्तंबूलला चाललोय, हमामात म्हणजे तिथल्या सार्वजनिक स्नानगृहात जायचंय, पण आत अंगावर काय ठेवतात? आईला आत्तापासूनच लाज वाटतेय.

> पेश्तेमाल देतात गुंडाळायला, आपला पंचाच समज, आतले कपडे ठेवले तरी चालतं. चेंबरलिताश हमामला जा, १५८४ चं आहे, ऑटोमन सुलतानांचा वास्तुकार मिमार सिनानचं काम, बायकांचा भाग वेगळा आणि घासणाऱ्याही बायकाच.

> मधल्या गरम संगमरवरी ओट्यावर पडून राहायचं, घाम सुटला की केसे म्हणजे खरखरीत हातमोज्याने घासतात, अगं मळाच्या शेवया निघतात अंगावरून, रोज दोनदा आंघोळ करणारी मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं!

> आईंना बीपी असेल तर फार वेळ नको. आणि टीप द्यायला सुट्टे लिरा ठेव.