विषय: आबा गेले

मंडळी, नमस्कार.

मागच्या आठवड्यात सोमवारी पहाटे आमचे आजोबा, आबा, गेले. वय ८५. रात्री ताक-भाकरी खाऊन झोपले ते उठलेच नाहीत. कॅन्ससमध्ये तेव्हा रविवारची संध्याकाळ होती, मी दुकानात दुधाच्या रांगेत. अंत्यविधी फोनवर पाहिला आणि सावडायला तेवढा पोचलो. काल दहावा झाला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना तिकडे आपल्या मंडळाच्या २०१५ च्या गणपतीत पाहिलंय, म्हणून कळवतोय. गावात माळावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, तेव्हा फोन लागला नाही तर रागावू नका.

– सांगोलकर

*

अरे, वाचून चर्रर्र झालं.

आमच्या घरात अजून त्यांचं नाव निघतं ते कचऱ्याच्या डब्यावरून. त्या वर्षी प्रसादाच्या जेवणात पोरं अर्ध्या अर्ध्या प्लेटा टाकून देत होती. आबा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि डब्याशेजारी जाऊन उभे राहिले. तोंडातून अवाक्षर नाही, कुणाकडे बघणंही नाही, नुसते उभे. माझा लेक तेव्हा सात वर्षांचा होता. डब्यापर्यंत गेला, वर बघितलं, मागे फिरला आणि कोपऱ्यात बसून मसालेभात संपवला. तुझ्या आईला आणि आत्याला सांग, आम्ही आहोत.

– ओव्हरलँड पार्कची काकू

*

आबांना नमस्कार.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो, त्यामुळे गणपतीत त्यांच्याशी दोन तास बोललो ते सगळं मिलोवरच. अमेरिकेतून आलेली रेशनची ती लाल ज्वारी! भाकरी थापताना कडेनं चिरायची, आई पिठात उकळतं पाणी घालून घालून रडकुंडीला यायची. गाजरगवतही मिलोतूनच आलं, असं आबा ठासून सांगत होते. ते पुण्यात पन्नासच्या दशकातच दिसलं होतं, मिलोच्या कितीतरी आधी, पण तेव्हा वाद घातला नाही. तू त्यांना विचिटाच्या वाटेवर मिलोचं शेत दाखवायला नेलं होतंस ना? काय झालं तिथे ते नीट लिही. मला त्यांनी अर्धवटच सांगितलं होतं.

– पारनेरचा काका

*

काका, लिहितो.

सप्टेंबरचा शेवट होता. कणसं विटकरी झाली होती, ताटं जेमतेम कमरेएवढी. आपल्या मालदांडीत माणूस हरवतो, म्हणून आबांना आधी ते ज्वारीचं रान वाटेचना. मग त्यांनी एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, दोन दाणे दाढेखाली धरले आणि गप्प झाले. चव ओळखली होती. त्रेचाळीस वर्षांनी.

"हे कोण खातं रं हितं?"

"गुरं खातात, आबा. बाकीचं इंधनाला जातं, गाडीत घालायच्या."

मला वाटलं, चिडतील. माझीच मान खाली गेली होती. आबा बराच वेळ हसले. "मंग बरोबर हाय. आमी तवा गुरावानीच राबत हुतो." आणि जाता जाता, "पीक मातूर झ्याक हाय."

घरी येताना गाडीत बहात्तर निघालं. दुष्काळी कामावर पाझर तलावाला आबा माती टाकायचे, आजी खडी फोडायची. घरी तीन लहान पोरं. त्यांना सांभाळायला सहावीतल्या आत्याची शाळा सोडवली. काकू, डब्याशेजारचे आबा खरेच, पण हेही आबाच. आत्या वर्गात पहिली होती. पाऊस पुढच्या वर्षी आला, आत्याची शाळा मात्र सुटली ती सुटलीच. मी विचारलं, परत का नाही घातलं? ते खिडकीबाहेर बघत बसले. त्या प्रवासात पुढे बोलले नाहीत.

१९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी दीड एकर माळावर डाळिंब लावलं. आधी गणेश वाण, मग भगवा. तेल्या रोगानं दोनदा बाग काढायला लावली. हे सगळं इथे कुणीही सांगेल. आत्याचं मात्र कुणी सांगत नाही.

आमच्याकडे बाप गेला की वारसनोंदीला बहिणींची नावं लागतात आणि पाठोपाठ साडीचोळीवर हक्कसोड होते, म्हणजे जमिनीतला वाटा सोडल्याची त्यांची सही घेतली जाते. आबांनी दिवाळीतच तिन्ही काकांना बसवून सांगितलं होतं, "आक्काची सही घ्यायची न्हाई." आक्का म्हणजे आत्या. काकांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या होत्या.

काल माण नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. बाग सांभाळू म्हणून झालं, नातवाचं लग्न करू म्हणून झालं. ऊन चढलं. भावकी काकांकडे बघायला लागली. शेवटी थोरले काका हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आबा, आक्काची सही घेणार न्हाई."

कावळा तरीही आला नाही. आता नदीकाठी कावळेच राहिले नाहीत म्हणतात. अकराच्या पुढे दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला बसले. पण काका जे बोलले ते अख्ख्या भावकीसमोर बोलले. आत्या बायकांत बसली होती. तिनं पदरानं चष्मा पुसला, परत घातला आणि वाढपी पोराला म्हणाली, "मला बी वाढ की."

– सांगोलकर

*

सर्व सभासदांना,

येत्या रविवारी हॉल दुपारी मोकळा आहे. श्रद्धांजली सभा ठेवायची का? आबांचा फोटो आणि चार ओळी पाठवाव्यात. चहाची सोय मंडळ करेल.

– कार्यकारिणी

*

रविवारी मी विमानात असेन, आणि सभा नकोच. आबांना भाषणं ऐकता ऐकता झोप लागायची, त्या गणपतीतही लागली होती. हॉल घेतलाच असेल तर पोरांना जेवायला बोलवा.

मंगळवारी पोचतो. डाळिंबं विमानतळावर सोडत नाहीत, पण आत्यानं तीन किलो शेंगाचटणी कुटून दिली आहे. पारनेरच्या काकांचा वाटा वेगळा बांधला आहे. डबे घेऊन या.

– सांगोलकर